दुकान दाद देत नसेल तर: बिघडलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूची तक्रार तडीस कशी न्यावी

नवा टीव्ही भिंतीवर चढतो आणि चौथ्या दिवशी पडद्यावर हिरवी उभी रेघ उमटते. दुकानात जावं, तर ज्या मुलाने तासभर गोड बोलून तो विकला तोच आता म्हणतो, "ते कंपनीचं असतं, आमच्या हातात काही नाही." कंपनीला फोन लावावा, तर पलीकडून उत्तर येतं, "जिथे घेतला तिथेच दाखवा." दोघंही नम्र आणि दोघांचेही हात वर. अशा वेळी राग येणारच. पण रागाच्या भरात तारखांकडे दुर्लक्ष होतं. वस्तू बदलून द्यायची मुदत बहुतेक दुकानांत मोजक्या दिवसांची असते आणि "उद्या सांगतो", "वरिष्ठांना विचारतो", "स्टॉक आला की फोन करतो" एवढ्या तीन वाक्यांत ती सहज उलटून जाते.

दुकानातली माणसं मुद्दाम तंगवतात, असं सरसकट म्हणता येणार नाही. काही जण तंगवतात, काही ठिकाणी नुसताच ढिसाळपणा असतो. कारण काहीही असलं तरी उशिराचा फायदा दुकानाला आणि भुर्दंड तुम्हाला. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी साधायच्या: तक्रारीची तारीख कागदावर आणायची आणि मागणी अशा माणसापुढे ठेवायची, ज्याला "हो" म्हणायचा अधिकार आहे.

पायरी १: कुठली मुदत कधी संपते ते लिहून काढा

एकाच वस्तूवर एका वेळी चार-पाच घड्याळं चालू असतात, आणि आपण बहुधा फक्त वॉरंटीचं बघतो. दुकानाची परत घेण्याची किंवा बदलून देण्याची मुदत बिलाच्या मागे बारीक अक्षरांत असते. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेण्याची मुदत वेगळी. कायद्याने दिलेली मुदत आणखी वेगळी, आणि ती दुकानाने छापलेल्या मुदतीपेक्षा बऱ्याचदा मोठी असते.

यात सर्वात कमी माहिती असलेली आणि सर्वात लवकर संपणारी मुदत म्हणजे डीओएची, म्हणजे डेड ऑन अरायव्हलची. वस्तू मुळातच बिघडलेली आली, असा दाखला कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर देतं आणि त्या दाखल्यावर दुकान नवा नग देतं, अशी अनेक कंपन्यांची पद्धत आहे. ही मुदत जेमतेम काही दिवसांची असते. ती उलटली की तीच वस्तू, तोच बिघाड, पण तुमच्या वाट्याला फक्त दुरुस्ती येते. बिघाड दिसला त्याच दिवशी दुकानाला आणि कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: "या मॉडेलला डीओएची मुदत किती, आणि दाखला कोण देतं?" उत्तर आलं तर कामाचं. नाही आलं तरी तुम्ही कधी विचारलंत, ती तारीख नोंदली गेलीच.

पायरी २: वस्तू हातची जाण्याआधी पुरावा जमवा

बिल आधी. दुकानातली बरीच बिलं उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असतात आणि ती काही महिन्यांत कोरी पडतात. फोटो आजच काढा. मग बिलावरचा सिरीयल नंबर, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा असे तिन्ही ताडून बघा. मोबाइल असेल तर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पडद्यावर येतो. नंबर जुळत नसतील तर ती तफावत पहिल्याच दिवशी दाखवून द्या. महिन्याभराने तीच गोष्ट तुमच्यावर शेकते.

व्हिडिओ काढताना एक पथ्य पाळा. आधी सिरीयल नंबरचं लेबल, मग लगेच बिघाड, असं मध्ये न तोडता एकाच फटक्यात घ्या. तुकडे जोडलेल्या व्हिडिओवर "हा याच नगाचा कशावरून?" असा सवाल येतो. दुसरी प्लगची जागा, दुसरी केबल, सॉफ्टवेअर अपडेट हे सगळं स्वतःच करून बघा आणि लिहून ठेवा, कारण हेल्पलाइनवर पहिला अर्धा तास याच प्रश्नांत जातो.

अधूनमधून येणारा बिघाड सर्वात छळतो. लॅपटॉप घरी दिवसातून तीनदा बंद पडतो आणि तंत्रज्ञापुढे शहाण्यासारखा चालतो. मग कागदावर "दोष आढळला नाही" असा शेरा पडतो, आणि तो शेरा पुढे प्रत्येक ठिकाणी तुमच्या विरोधात वाचला जातो. अशा बिघाडाची नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, चार्जर लावलेला होता का, काय झालं. दहा नोंदी आणि दोन व्हिडिओ असले की तंत्रज्ञाला तो शेरा मारणं जड जातं.

वस्तू देण्यापूर्वी सगळ्या बाजूंचे फोटो काढा, पोर्टच्या आतलेसुद्धा. बहुतेक मोबाइलमध्ये पाणी लागल्यावर पांढऱ्याची लाल होणारी छोटी पट्टी असते, बऱ्याच मॉडेलांत सिमच्या खाचेत. ती पांढरी आहे असा फोटो हाताशी असला तर "पाणी गेलंय, वॉरंटी बाद" या उत्तराला तोड मिळते. आणि कितीही हात शिवशिवले तरी वस्तू स्वतः उघडू नका.

मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर डेटाचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. फोन शोधण्यासाठी असलेलं खात्याचं कुलूप बंद करा, नाहीतर फोन बदलून मिळताना तिथेच गाडी अडते. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. तपासणीला हवाच असेल तर सगळं पुसून फोन द्या.

पायरी ३: नेमकं काय हवं ते घरीच ठरवा

"काहीतरी करा ना" ही मागणी नव्हे, विनवणी झाली. पैसे परत, नवा नग, दुसरं मॉडेल, दुरुस्ती यांपैकी पहिली मागणी कोणती आणि ती नाकारली तर कशावर समाधान मानायचं, हे दारातून आत जाण्याआधी पक्कं असू द्या. नाहीतर दुकान स्वतःला सोयीचा पर्याय पुढे करतं. तो बहुधा क्रेडिट नोटचा असतो, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच आणि पुढची खरेदीही त्यांच्याकडेच. क्रेडिट नोट घेणं वाईटच असं नाही, पण तिची मुदत आणि ती सवलतीच्या मालावर चालते का, हे विचारूनच घ्या.

मागणी बिघाडाच्या मापाची असावी. चौथ्या दिवशी बंद पडलेल्या फ्रिजला दुरुस्ती का पत्करायची? दीड वर्ष वापरलेल्या फोनची बॅटरी उतरली म्हणून नवा फोन मागितला, तर मात्र पुढचं बोलणंच कोणी मनावर घेत नाही. बॅटरी झिजणारा भाग आहे. कंपन्या तिची क्षमता ठरावीक टक्क्यांखाली, अनेकदा ८० टक्क्यांखाली, गेली तरच ती बदलतात. पडद्यावरच्या एखाददुसऱ्या मृत पिक्सेलचंही तसंच. किती पिक्सेल बिघडले तर तो दोष धरायचा, यासाठी आयएसओ ९२४१-३०७ या मानकात वर्ग ठरवले आहेत आणि कंपन्यांची धोरणं बऱ्याचदा त्यावर बेतलेली असतात. आपली बाजू कुठे लंगडी पडते हे आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ४: काउंटरवर

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका. कामाच्या दिवशी दुकान उघडल्यावर तासाभरात जा, तेव्हा मॅनेजर जागेवर असतो आणि त्याच्याकडे वेळही असतो.

कोणाशी बोलायचं, हे जास्त महत्त्वाचं. मोठ्या दुकानात ब्रँडचा टी-शर्ट घालून उभी असलेली मुलं अनेकदा दुकानाची नोकर नसतातच. ती त्या त्या कंपनीची प्रमोटर असतात, आणि त्यांच्या हातात विकण्यापलीकडे काही नसतं. कॅशियरचंही तेच. त्यांच्यावर आवाज चढवून पदरात काही पडत नाही, उलट "ग्राहकाने गैरवर्तन केलं" असं म्हणायला वाव मिळतो. शांतपणे विचारा: "वस्तू बदलून द्यायचा निर्णय इथे कोण घेतं?" मॅनेजर आला की गोष्ट पहिल्यापासून सांगत बसू नका. तीन वाक्यं पुरतात: कधी घेतली, काय बिघडलं, काय हवं. मग बिल आणि व्हिडिओ पुढे ठेवा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं लोकांना जमत नाही. शांतता भरून काढायच्या नादात आपणच आपली मागणी खाली आणतो.

आता ठरलेली उत्तरं आणि त्यांवर काय बोलायचं ते.

"हे कंपनीचं काम आहे." यावर: "बिल तुमच्या नावाचं आहे, पैसे तुम्ही घेतलेत. कंपनीकडे पाठवायचं असेल तर तुम्ही पाठवा आणि मला पोच द्या." अनेक देशांच्या कायद्यांत विकणाऱ्याची जबाबदारी आणि कंपनीची वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपनीकडे बोट दाखवल्याने विकणारा सुटत नाही.

"खोकं फोडलंय, आता परत घेता येत नाही." यावर: "खोकं फोडल्याशिवाय बिघाड कळला असता का?" मन बदललं म्हणून परत करणं वेगळं आणि दोष आहे म्हणून परत करणं वेगळं. दुकानाचे खोक्याबद्दलचे नियम पहिल्या प्रकारासाठी असतात, आणि काउंटरवर दोन्हींची बेमालूम सरमिसळ होते. तुम्ही ती होऊ देऊ नका.

"सिस्टीम घेत नाही." हे सर्वात लाडकं उत्तर. यावर वाद घालूच नका. "ठीक आहे, नकाराचं कारण आणि आजची तारीख लिहून, सही-शिक्का मारून द्या." लिहून द्यायची वेळ आली की सिस्टीम कधीकधी अचानक घ्यायला लागते.

"तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नव्हती." ती मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. नव्या वस्तूच्या दोषाशी तिचा संबंध नाही. ती विकण्याचं टार्गेट कर्मचाऱ्यांवर असतं, म्हणून ती प्रत्येक संभाषणात डोकावते, एवढंच.

कोणी काही लिहून द्यायला तयारच नसेल, तर बाहेर पडताच, पार्किंगमध्ये उभं राहूनच, दुकानाच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा: "आज सकाळी अमुक वाजता तुमच्या शाखेत आलो, मॅनेजरशी बोललो, त्यांनी अमुक कारणाने नकार दिला. यात काही चुकीचं असेल तर कळवावं." ते उत्तर देणार नाहीत. तरीही या दोन ओळी पुढे कुठल्याही आवाजी भांडणापेक्षा जास्त कामाला येतात.

पायरी ५: जॉब शीट वाचल्याशिवाय सही नाही

वस्तू सर्व्हिस सेंटरला गेली की तिथे जॉब शीट बनते. तो कागद म्हणजे तुमच्या तक्रारीचा जन्मदाखलाच. तिथला माणूस घाईत "नॉट वर्किंग" एवढंच टाइप करतो आणि खाली सही मागतो. थांबा. बिघाड तुमच्या शब्दांत नीट लिहवून घ्या: "दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद होतो, चार्जर लावलेला असतानाही." सिरीयल नंबर तपासा. वस्तूच्या स्थितीच्या रकान्यात बहुधा "ओरखडे, डेंट" अशी छापील खूण आधीच केलेली असते. ती खरी नसेल तर तिथेच खोडायला लावा. सोबत दिलेला चार्जर, रिमोट, केबल यांचीही नोंद हवी.

परत मिळताना दुसरा कागद मागा: काय तपासलं, कोणता भाग बदलला. हा कागद सहसा आपणहून देत नाहीत. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला, तर आधीच्या दोन जॉब शीट तुमच्या वतीने बोलतात. दुरुस्ती जमत नाही, आता नवा नग किंवा पैसे द्या, असं म्हणायला मग आधार असतो. वस्तू तिथेच चालू करून, थोडा वेळ वापरून मगच ताबा घ्या. "समाधान झाले" या रकान्यात आधीच टिक असेल तर ती काढायला लावा. त्या क्षणी समाधान झालेलं नसतं, वस्तू फक्त सुरू झालेली असते. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की तक्रार बंद होते, अशीही पद्धत काही ठिकाणी असते. वस्तू तपासून होईपर्यंत ओटीपी देऊ नका.

पायरी ६: लेखी तक्रार

हेल्पलाइनवर पुन्हापुन्हा फोन करण्याचा एकच उपयोग, तो म्हणजे तक्रार क्रमांक मिळवणं. तो मिळाला की फोन थांबवा आणि लिहा. ईमेल दुकानाच्या मुख्य कार्यालयाला आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकदमच पाठवा, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड होतं. मसुदा साधारण असा:

"विषय: अमुक मॉडेल, सिरीयल क्रमांक अमुक, सदोष वस्तू बदलून देण्याबाबत.

महोदय, वरील वस्तू मी अमुक तारखेला आपल्या अमुक शाखेतून घेतली (बिल क्रमांक अमुक). अमुक तारखेपासून तिच्यात पुढील दोष आहे: … . अमुक तारखेला शाखेत आणि अमुक तारखेला सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली (तक्रार क्रमांक, जॉब शीट क्रमांक). दोष कायम आहे. आपण वस्तू बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. या पत्रापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी ग्राहक आयोगासह योग्य त्या ठिकाणी दाद मागेन. बिल, जॉब शीट, फोटो सोबत जोडले आहेत."

मानसिक त्रासाची कहाणी, मुलांची परीक्षा, पाहुण्यांसमोर झालेली फजिती हे सगळं खरं असलं तरी इथे नको. वाचणाऱ्या माणसाला तारखा आणि मागणी एका नजरेत दिसायला हवी. नुकसानभरपाई मागायची असेल तर ती पुढच्या पायरीवर, कारणासहित मागता येते.

समाजमाध्यमांवर लिहिल्याने काम होतं का? कधीकधी होतं, कारण ती खाती सांभाळणारा विभाग वेगळा असतो आणि त्याच्याकडे प्रकरण वर ढकलायची सोय असते. पण लेखी तक्रारीनंतरच लिहा, घडलं तेवढंच लिहा आणि बिलाचा फोटो टाकताना फोन नंबर, पत्ता, आयएमईआय झाका. कर्मचाऱ्याचं नाव किंवा चेहरा टाकू नका. तशा पोस्टखाली मदतीचं सोंग आणणारे भामटेही येतात: "मी कस्टमर केअरमधून, या लिंकवर माहिती भरा." दुकानाच्या अधिकृत खात्याशिवाय कोणालाही उत्तर देऊ नका.

पायरी ७: पैशाच्या वाटेने

कार्डाने पैसे दिले असतील आणि दुकान ऐकतच नसेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. सदोष वस्तू, न मिळालेली वस्तू, कबूल करूनही न आलेला रिफंड ही त्याची मान्य कारणं आहेत. व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कांची मुदत बऱ्याच कारणांसाठी १२० दिवसांची असते, पण तुमच्या बँकेचा नियम आधी विचारा. इथेही बँक पहिलं हेच बघते, की तुम्ही दुकानाकडे आधी दाद मागितली होती का, म्हणजे सहाव्या पायरीचा ईमेल. ब्रिटनमध्ये तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड देणारी संस्थाही दुकानासारखीच जबाबदार असते.

हप्त्यांवर घेतलेली वस्तू बिघडली म्हणून रागाने हप्ते थांबवू नका. कर्ज देणारी संस्था वेगळी असते आणि दंड तुमच्या नावावर चढतो. तक्रारीची प्रत तिलाही पाठवा, हप्ते मात्र चालू ठेवा.

पायरी ८: कायद्याचा आधार

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही भिंतीवरची पाटी सदोष वस्तूपुढे टिकत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असो. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागत असेल तर ५ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, ती तयारी ठेवा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. युरोपीय संघात विकणाऱ्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते, आणि पहिल्या वर्षात उघड झालेला दोष मुळातच होता असं मानलं जातं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कंझ्युमर राइट्स ॲक्टने पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू नाकारून पूर्ण पैसे घेता येतात. त्यानंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते. ऑस्ट्रेलियात दोष मोठा असेल तर पैसे की नवा नग हे ग्राहक ठरवतो. अमेरिकेत देशभर लागू असा परतीचा सरसकट हक्क नाही, तिथे लेखी वॉरंटी आणि वॉरंटीबद्दलचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा हा आधार. "हे स्टिकर काढलं तर वॉरंटी बाद" असं छापणाऱ्या कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये ताकीद दिली होती.

तडजोड झाली तर

प्रकरण वर गेलं की एक दिवस फोन येतो आणि स्वर बदललेला असतो. फोनवर हो म्हणू नका, प्रस्ताव ईमेलवर मागा. नवा नग देणार असतील तर तो सीलबंद नवा आहे की दुरुस्त केलेला, हे लिहून घ्या. त्याचा सिरीयल नंबर दुरुस्त बिलावर हवा, आणि वॉरंटी आजपासून मोजणार की जुन्या तारखेपासून तेही. पैसे परत मिळणार असतील तर कोणत्या खात्यात, किती दिवसांत, आणि इन्स्टॉलेशन, एक्स्टेंडेड वॉरंटी, जुन्या वस्तूचं एक्स्चेंज यांचे पैसे धरून की सोडून. शेवटचा कागद बहुधा "आता माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही" असा असतो. त्यावर सही करायची ती वस्तू तपासून झाल्यावर किंवा पैसे खात्यात दिसल्यावर, आधी नाही. तक्रार दाखल केली असेल तर ती मागे घ्यायची तीही त्यानंतरच.